उताराला फटाके: मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये आवाज काढणाऱ्या एका १५० सीसी गाडीचं प्रकरण

गाडी एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी, चार स्ट्रोकची १५० सीसी. मॉडेल २०१३चं, म्हणजे बीएस-३च्या (तेव्हाच्या प्रदूषण-निकषांच्या) काळातलं. सीव्ही कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा, व्हॅक्यूमवर चालणारा भाग), पाच गिअर, मीटरवर ४६ हजार किलोमीटर. वापर रोजचा चिपळूणमधला, शिवाय महिन्यातून दोन-तीनदा कराडची फेरी.

तक्रार अशी. चढाला किंवा सपाटीला रेस देताना काहीच नाही. गाडी खेचते, मिसिंग नाही. पण साडेचार-पाच हजार आरपीएमवर मूठ (हँडलवरचा अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण सोडली की सेकंद-दीड सेकंदात सायलेन्सरमधून फट, फट-फट. कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरवर उतरताना तर वळणावळणाला आवाज, आणि मधूनच एखादा इतका मोठा की रस्त्याकडेची माणसं दचकावीत. शिवाय स्लो रेस (मूठ न पिळता इंजिन ज्या वेगानं चालू राहतं तो) एका जागी राहत नाही. १४००वर बसवलेली असून १२०० ते १६००च्या मध्ये डोलते. लिटरला ४८ देणारी गाडी ४२वर आलेली.

मागचा इतिहास महत्त्वाचा आहे. दोन महिन्यांपूर्वी कंपनीचा सायलेन्सर खालच्या शिवणीवर गंजून फुटला. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारत असेल तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही, ते पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. वरून कोकणातला पावसाळा. त्या जागी बाजारातला, मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. आवाज त्यानंतर आठवड्याभरात सुरू झाला. त्यावर तीन उपाय झाले होते: प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला आणि मिक्श्चरचा स्क्रू बाहेर काढून मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, केलं. तिसऱ्या उपायानंतर बारीक फट-फट कमी झाली, पण जे आवाज उरले ते पहिल्यापेक्षा मोठे झाले आणि अ‍ॅव्हरेज पडलं.

या शेवटच्या निरीक्षणातच निम्मं उत्तर होतं. ते समजायला मूठ सोडल्यावर आत काय घडतं ते आधी बघावं लागेल.

मूठ सोडली की आत काय होतं

गॅरेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टींना एकच ‘बॅकफायर’ शब्द वापरतात. एक, कार्बोरेटरच्या बाजूनं येणारी फुसकी किंवा फटका: इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, टायमिंग चुकलं असेल किंवा मिश्रण फारच लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तर ज्वाला मागे येते. हा प्रकार बहुधा रेस देताना होतो. दुसरा, सायलेन्सरमध्ये होणारा स्फोट, जो रेस सोडल्यावर होतो. आपलं प्रकरण दुसऱ्या जातीचं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आवाज कुठून आणि कधी येतो हे विचारल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

४५०० आरपीएमला चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये मिनिटाला २२५० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण ३७ वेळा ठिणगी पडून मिश्रण पेटायला हवं. मूठ सोडली की थ्रॉटल (कार्बोरेटरमधली हवेची झडप) बंद होतो, पण चाकं इंजिनाला फिरवतच राहतात. पिस्टन हवा ओढायला जातो, वाट जवळजवळ बंद. इनटेकमध्ये मोठा व्हॅक्यूम तयार होतो. सिलिंडरमध्ये येणारं ताजं मिश्रण अगदी थोडं, आणि मागच्या फेरीचा जळलेला धूर त्या मानानं खूप. अशा पातळ झालेल्या मिश्रणात ठिणगी पडते, पण ज्वाला पसरत नाही. ती फेरी वाया जाते आणि न जळलेलं पेट्रोल, सोबत थोडी हवा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पाईपात जातं.

अशा दोन-चार फेऱ्या गेल्या की पाईपात इंधन जमतं. नंतर एखादी फेरी पेटते, पण रेंगाळत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही ती जळत असते. ती ज्वाला पाईपात शिरली आणि तिथलं मिश्रण पेटण्याजोगं असलं, की फटाक. मूठ सोडल्याबरोबर आवाज न होता सेकंदभरानं होतो तो यामुळे.

‘पेटण्याजोगं असलं’ इथे सगळी मेख आहे. हवेत पेट्रोलची वाफ आकारमानानं साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. पाईपात जळलेल्या वायूचा भरणा इतका असतो की न जळलेलं पेट्रोल असूनही ते बहुतेक वेळा गुपचूप बाहेर जातं. प्रत्येक गाडी मूठ सोडल्यावर थोडं पेट्रोल न जाळता टाकते, पण प्रत्येक गाडी फटाके फोडत नाही. फरक पडतो तो पाईपात बाहेरून ऑक्सिजन मिळाला की.

आणि पाईप बाहेरची हवा ओढतो. हे अनेकांना पटत नाही, कारण सायलेन्सर म्हणजे बाहेर फेकणारी नळी असा समज. पण धूर सलग येत नाही, ठोके देत येतो. प्रत्येक दाबाच्या ठोक्यामागून कमी दाबाची लाट येते. जोडाला फट असेल तर दाब असताना तिच्यातून धूर बाहेर येतो आणि मागच्या लाटेला त्याच फटीतून हवा आत जाते. रेसवर असताना आतला दाब जास्त, म्हणून हवा थोडीच शिरते. मूठ सोडल्यावर धुराचा लोंढा ओसरतो आणि तीच फट जास्त हवा ओढायला लागते.

आता मिश्रण रिच केल्यावर काय झालं ते उलगडतं. पायलट सर्किटमधून (मूठ बंद असताना पेट्रोल पुरवणाऱ्या वाटेतून) पेट्रोल वाढल्यानं काही फेऱ्या ज्या आधी पेटत नव्हत्या त्या पेटायला लागल्या. बारीक फट-फट कमी झाली. पण हवा शिरायची वाट तशीच होती. ज्या फेऱ्या हुकल्या त्यांनी पाईपात आधीपेक्षा जास्त पेट्रोल टाकलं, आणि पेटलं तेव्हा आवाज मोठा झाला. पाईपात हवा शिरत असताना जेट आणि स्क्रूला हात लावणं म्हणजे दुखणं झाकणं. या तक्रारीत आधी हवेच्या वाटा बंद करायच्या, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

तपासणी

पहिली जागा नेहमी सिलिंडर हेड आणि बेंड पाईप (हेडपासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) यांचा जोड. इथे गाडी थंड असताना टॉर्च लावून बघितलं तर हेडच्या खालच्या दोन फिनवर (हवेनं थंड होण्यासाठीच्या पट्ट्यांवर), डाव्या अंगाला, पंख्यासारखा पसरलेला काळा डाग होता. कोरडी काजळी, बोटाला लागणारी. ऑइल गळत असतं तर डाग चिकट आणि धुळीचा असता. काजळी म्हणजे फट.

खात्री करायला दोन चाचण्या केल्या. गाडी थंड असतानाच चालू करून, जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरलं. जोड घट्ट असेल तर इंजिन लगेच गुदमरतं. इथे ते चालत राहिलं आणि हेडजवळून स्पष्ट ‘चुस् चुस्’ ऐकू आलं. हातमोजा घालून करा आणि गरम सायलेन्सरवर हा प्रयोग नको.

दुसरी चाचणी जास्त खात्रीची, आणि इंजिन बंद ठेवून होते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या जागी) आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. सायलेन्सरच्या तोंडाला धूळ उडवायच्या ब्लोअरचा पाईप फडकं गुंडाळून लावायचा, कमी वेगावर हवा सोडायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारायचं. हेडच्या जोडाला डावीकडे फेस आला. बेंड पाईप जिथे सायलेन्सरमध्ये शिरतो त्या क्लॅम्पला बारीक बुडबुडे. वेल्डिंगच्या शिवणी कोरड्या.

मग बेंड पाईप उतरवला. आतलं रिंगचं पॅकिंग जुनंच होतं. सायलेन्सर बदलताना तेच परत बसवलेलं. हे पॅकिंग एकदाच दबण्यासाठी असतं. पहिल्या आवळणीत ते दबून दोन्ही पृष्ठभागांचा आकार घेतं, दुसऱ्यांदा ते दबायला शिल्लकच राहत नाही. व्हर्नियरनं मोजलं तर एका बाजूला ३.१ मिमी, समोरच्या बाजूला २.२ मिमी.

इतका तिरपा दाब का? नव्या सायलेन्सरचा मागचा ब्रॅकेट चेसिसच्या छिद्राशी जुळत नव्हता, सुमारे ६ मिमीचा फरक. बसवताना आधी मागचा बोल्ट जबरदस्तीनं ओढून आवळला होता आणि मग पुढचे नट. त्यामुळे अख्खा पाईप ताणाखाली, पुढची फ्लँज (पाईप हेडला आवळणारी पट्टी) एका अंगाला उचललेली. नवं पॅकिंग टाकून हाच क्रम ठेवला असता तर महिन्याभरात फट परत पडली असती. ब्रॅकेटचं छिद्र कानशीनं लांबट केलं, तेव्हा पाईप हातानं आपल्या जागी बसला.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. हेडच्या तोंडातली जुन्या पॅकिंगची कड पूर्ण खरवडायची. नखाएवढा तुकडाही राहिला तर नवी रिंग तिरपी बसते. काही गाड्यांत जुनी रिंग इतकी चिकटलेली असते की ती हेडचाच भाग वाटते, आणि तिच्यावर दुसरी रिंग चढवली जाते. नवी रिंग थोड्या ग्रीसनं जागेवर चिकटवायची, म्हणजे पाईप चढवताना ती पडत नाही. फ्लँजचे दोन्ही नट बोटानं लावायचे. मागचा बोल्ट नुसता अडकवायचा. मग १२ नंबरच्या पान्यानं दोन्ही नट आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळायचे. ८ मिमीच्या स्टडला साधारण २० न्यूटन-मीटर पुरतात. त्यापुढे जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे स्टडसकट बाहेर येतात आणि शंभर रुपयांच्या आतलं काम हजारांत जातं. त्यानंतर मधला क्लॅम्प, शेवटी मागचा बोल्ट. गाडी दोनदा पूर्ण तापून थंड झाली की पुढचे नट परत तपासायचे. इथे ते दोन्ही साधारण अष्टमांश फेरा फिरले.

उरलेली फट-फट

या कामानंतर मोठे आवाज गेले. उतारावर बारीक पुट-पुट मात्र राहिली, आणि स्लो रेस अजून डोलत होती. इथे बरेच जण थांबतात, कारण तक्रार ‘ऐंशी टक्के’ मिटलेली असते. पण डोलणारी स्लो रेस एक्झॉस्टच्या फटीमुळे होत नाही. ती इनटेकची खूण आहे. म्हणजे दुसरा दोष होता.

बीएस-३च्या अनेक गाड्यांत एअर फिल्टरपासून एक जाडसर नळी निघून एका डबीतून हेडच्या एक्झॉस्ट पोर्टपाशी जाते. तिच्यातून मुद्दाम ताजी हवा सोडतात, जेणेकरून न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड पाईपातच जळून जावं. हीरो, होंडा, बजाज, यामाहा यांची नावं वेगळी, तत्त्व एक: पाईपातल्या कमी दाबाच्या लाटेनं रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं सोडणारी पातळ पट्टी) उघडतो आणि हवा आत ओढली जाते. अर्थात मूठ सोडल्यावर हीच हवा फटाक्याला कारण होईल, म्हणून अशा रचनेत एक तोडणारा व्हॉल्व्ह असतो. इनटेकपासून ३-४ मिमीची बारीक व्हॅक्यूम नळी त्याच्या डायफ्रामला (रबरी पडद्याला) जोडलेली असते. मूठ सोडली, व्हॅक्यूम वाढला, डायफ्राम ओढला गेला, हवा बंद.

तपासणी सोपी. जाड नळी एअर फिल्टरच्या बाजूनं काढून तिचं आणि फिल्टरचं, दोन्ही तोंडं तात्पुरती बंद केली आणि गाडी एका उतारावरून आणली. पुट-पुट गेली. म्हणजे मूठ सोडल्यावरही हवा चालूच राहत होती. मग बारीक नळी काढून बघितली. वरून चांगली. पण इनटेकच्या निपलवर जिथे ती चढते तिथे, खालच्या अंगाला, उभी चीर. नळी बोटांत वाकवली तरच उघडणारी. रबर काळं असूनही पृष्ठभाग राखेसारखा कोरडा. दहा-बारा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं रबर असंच जातं.

त्या एका चिरेनं दोन कामं बिघडवली होती. डायफ्रामपर्यंत पुरेसा व्हॅक्यूम पोचत नव्हता, म्हणून हवा तुटत नव्हती. आणि त्याच चिरेतून इनटेकमध्ये फुकटची हवा जात होती, म्हणून स्लो रेस लीन होऊन डोलत होती.

नळी बदलायच्या आधी व्हॉल्व्ह ठीक आहे ना ते बघून घ्यावं. २० मिलीची इंजेक्शनची सिरिंज बारीक निपलला जोडून दट्ट्या ओढायचा आणि धरून ठेवायचा. जाड नळीतून फुंकल्यावर हवा जाता कामा नये. दट्ट्या सोडला की जायला हवी. दट्ट्या धरूनही हळूहळू परत जात असेल तर डायफ्राम फाटलेला आहे, अख्खी डबी बदलावी लागते. इथे ती चांगली होती. पेट्रोलला टिकणारी नवी नळी, दोन्ही टोकांना स्प्रिंग क्लिप, काम संपलं. साधी मत्स्यालयाची पारदर्शक नळी लावू नये. ती उष्णतेनं मऊ पडते आणि व्हॅक्यूमनं चिमटली जाते.

ही हवेची नळी आत छर्रा अडकवून कायमची बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आवाज जातो हे खरं. पण ती हवा प्रदूषण कमी करायला आहे. या वर्गातल्या चार स्ट्रोक गाड्यांना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमची मर्यादा असते. मिश्रण थोडं रिच असलेली गाडी ती हवा तोडल्यावर तिथे अडकू शकते. ज्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे त्यात न जळलेलं पेट्रोल सतत गेलं तर तो गरजेपेक्षा जास्त तापून वितळू शकतो. बंद करणं ही चाचणी आहे, दुरुस्ती नाही.

आणखी एक जागा याच कुळातली आहे, इथे दोषी निघाली नाही तरी बघून घ्यायला हवी. काही सीव्ही कार्बोरेटरच्या अंगाला दोन स्क्रूंच्या झाकणाखाली एक छोटा डायफ्राम असतो. मूठ सोडल्यावर तो पायलट जेटची हवा कमी करून मिश्रण क्षणभर रिच करतो, म्हणजे फेऱ्या हुकत नाहीत. कार्बोरेटर धुणाऱ्या स्प्रेचा फवारा या रबरावर पडला की ते फुगतं आणि सुरकुततं. कार्बोरेटर ‘चांगला साफ केल्यावर’ उताराला फटाके सुरू झाले असतील तर पहिला संशय याच्यावर. उजेडासमोर धरून बघावा. सुईच्या टोकाएवढं छिद्रही पुरतं.

शेवटी कार्बोरेटर

आता स्क्रू. इथे एक गोंधळ नेहमी होतो. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधनमिश्रणाचा: बाहेर काढला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. या गाडीत इंजिनाच्या बाजूचा होता आणि पावणेचार फेरे बाहेर सापडला. हळुवार आत टेकवून (दाबू नये, टोक खचतं) दोन फेरे बाहेर घेतला. गाडी दहा मिनिटं चालवून गरम केली. मग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात जास्त आणि स्थिर आरपीएम जिथे मिळतं ती जागा शोधली. ती सव्वादोन फेऱ्यांवर आली. स्लो रेस १४००वर बसवली. ती डोलली नाही.

टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट) थंड गाडीवर तपासले. एक्झॉस्टचा टॅपेट जास्त घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि असाच आवाज येऊ शकतो, पण मग रेसवरही ताकद कमी पडते. इथे दोन्ही मॅन्युअलच्या मापात होते. प्लगचा गॅप ०.७ मिमी, तोच ठेवला; टोकावरची काळी काजळी रिच मिश्रणाची होती, ती दोनशे किलोमीटरमध्ये जाऊन टोक विटकरी-तपकिरी झालं.

सायलेन्सरचं काय करायचं हा प्रश्न राहतो. आत जाळी-पडदे कमी असलेला मोकळा सायलेन्सर न जळलेलं पेट्रोल तयार करत नाही, पण आत जे बारीक फुटतं ते तो बाहेर ऐकवतो, आणि आखूड असेल तर मागच्या तोंडातूनही हवा आत घेतो. कायद्याचीही बाजू आहे. ८० ते १७५ सीसी दुचाकीला मंजुरीच्या चाचणीत आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली आवाज-प्रदूषणाला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकानं कंपनीचा नवा सायलेन्सर बसवला. तो बसवताना पॅकिंग पुन्हा नवं घातलं, आठवड्यापूर्वीच घातलेलं असूनही.

दुरुस्ती होईपर्यंत आवाज टाळण्यासाठी घाटात क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणं, हे कोणीही करू नये. आवाज थांबतो, पण इंजिनाचा ब्रेकही जातो. सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ते तापून धरेनासे होतात. त्यापेक्षा मूठ पूर्ण न सोडता केसभर उघडी ठेवावी. चावी बंद-चालू करून मुद्दाम फटाके वाजवणं तर सायलेन्सरचे आतले पडदे फोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे: ठिणगी बंद असताना प्रत्येक फेरीचं पूर्ण पेट्रोल पाईपात साठतं आणि चावी फिरवताच एकदम पेटतं.

तीनशे किलोमीटरनंतर गाडी परत बघितली. कुंभार्ली दोनदा उतरून झालेला, आवाज नाही. अ‍ॅव्हरेज ४७. हेडखालच्या ज्या दोन फिनवर काजळी होती त्या पुसून ठेवल्या होत्या; त्या तशाच कोऱ्या होत्या. सकाळी थंड गाडीवर पहिल्या दोन मिनिटांत मूठ सोडल्यावर एखादी हलकी पुट येते, ती चोक आत गेल्यावर थांबते. तिला हात लावलेला नाही.